खूण नसलेला आकडा

लॅबमध्ये सगळे तिला शंकासुर म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं होतं दस्तुरखुद्द तिच्या मावशीनं.

मावशी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हॉर्मोन विभागाची प्रमुख. सव्वीस वर्षं त्याच खोलीत काढलेली. भाची शिकून तयार झाली आणि परीक्षा देऊन, मुलाखत देऊन त्याच विभागात लागली, तेव्हा मावशीनं पहिल्याच दिवशी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "घरी मी मावशी. या दाराच्या आत मॅडम. आणि लाड दोन्हीकडे नाहीत."

लाड नव्हतेच. पण पोरगी अशी निघाली की मावशीलाच घाम फोडायची. नळीवर चिकटवलेलं नाव आणि कागदावरचं नाव जुळत असलं तरी जन्मतारीख पाहायची. फ्रिजचं तापमान पडद्यावर दिसत असलं तरी आत वेगळा थर्मामीटर ठेवायची. दूध सोडाच, ताकही फुंकून प्यायची आणि वर विचारायची, "पण हे ताकच आहे कशावरून?" एकदा मावशी वैतागून सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हा शंकासुर जन्माला घातलाय माझ्या बहिणीनं!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. नाव चिकटलं ते कायमचं.

वरवर मावशी कुरकुरायची. पण नवीन कुणी शिकायला आलं की मुद्दाम भाचीच्या टेबलाशी उभं करायची. "हिचा हात बघा पिपेटवर. थेंब सुद्धा परवानगी घेऊन पडतो."

लग्नाला चार वर्षं झाली आणि भाचीला दिवस गेले. त्यातली दोन वर्षं वाट पाहण्यात, तारखा मोजण्यात गेली होती. त्यामुळे तिनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला आणि मावशीला. तिसरा महिना लागल्यावर आईला सांगू म्हणाली. आई दूरच्या गावी, तब्येतीनं नाजूक, उगाच तिच्या जिवाला घोर नको.

सहावा आठवडा चालू होता आणि एका सोमवारी सकाळी तिला डाग दिसला. छोटासाच. पण लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला छोटा डाग म्हणजे काय काय असू शकतं, याची यादी तोंडपाठ असते. ती खालच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवीत एक इवलंसं काळं वर्तुळ होतं, आत अजून काही दिसत नव्हतं. "एवढ्यात दिसेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "आज रक्त दे, परवा पुन्हा दे. मग बोलू."

गरोदरपणाच्या हॉर्मोनचा सोमवारचा आकडा आला सहा हजार चारशे.

संध्याकाळी मावशी तिच्या घरी गेली. नवरा लिफ्टची दुरुस्ती करणारा, हाताला ग्रीसचा वास कायमचा. साधा, सरळ, बायकोवर जीव टाकणारा. त्यानं दारातच विचारलं, "मावशी, सहा हजार चारशे म्हणजे चांगलं ना? मी शोधून पाहिलं, सहाव्या आठवड्यात हजारापासून पन्नास हजारांपर्यंत काहीही असतं म्हणे. म्हणजे आपण बसतो त्यात."

"बसतो," मावशी म्हणाली. "पण एका आकड्यावरून काही कळत नाही रे बाबा. आता असं बघ, मी तुला फोन करून सांगितलं की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आहे. ती वर चालली आहे की खाली, सांगशील?"

तो थांबला. "नाही सांगता येणार. परत बघावं लागेल."

"तेच. गर्भ पिशवीला चिकटला की त्याच्या भोवतीच्या पेशी हे हॉर्मोन, आम्ही त्याला बीटा म्हणतो, आईच्या रक्तात सोडायला लागतात. सुरुवातीच्या दिवसांत ते दोन-तीन दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. पुढे वेग थोडा कमी होतो. दुप्पट नाही झालं, पण चांगलं वाढलं, तरी चालतं. खाली आलं तर मात्र..." ती थांबली.

"तर मात्र बहुतेक संपलं," आतून भाचीचा आवाज आला. ती भाजी चिरत होती, आणि सुरी थांबली नव्हती. "आणि खूप हळू चढलं तर गर्भ भलत्या जागी, नळीत वगैरे, असू शकतो. ते जास्त धोक्याचं. सांग ना त्याला सगळं, मावशी. अर्धं सांगितलं की रात्रभर मोबाइलमध्ये उरलेलं शोधत बसतो."

नवऱ्यानं निमूटपणे मोबाइल पालथा ठेवला.

मंगळवार गेला. त्या दिवशी दुपारी कंपनीचा इंजिनिअर येऊन हॉर्मोन मोजणाऱ्या मशीनची सर्व्हिसिंग करून गेला. दर सहा महिन्यांनी येतो तसाच. सुया पुसल्या, एक-दोन रबरी नळ्या बदलल्या, सही घेतली, गेला.

बुधवारी सकाळी आठ वाजता भाचीनं रक्त दिलं. आपल्या माणसाचा नमुना आपण मशीनला लावायचा नाही, हा नियम मावशीनंच वीस वर्षांपूर्वी केलेला. तिनं तो त्या दिवशी स्वतःच मोडला. हा आकडा आणखी कुणाच्या डोळ्यांना आधी दिसू नये, एवढंच तिला वाटत होतं.

त्याआधी रोजच्यासारखे कंट्रोल लावले होते. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेल्या छोट्या बाटल्या. त्यांच्यात किती हॉर्मोन आहे ते आधीपासून ठाऊक असतं. मशीननं तो आकडा बरोबर सांगितला तरच पेशंटचे नमुने लावायचे. तिन्ही कंट्रोल बरोबर आले होते. मावशीनं वहीत सही केली होती.

साडेदहाला आकडे आले. भाचीचा होता पाच हजार शंभर.

मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच. कुणाला न सांगता तिनं ती नळी पुन्हा लावली. पाच हजार ऐंशी. मग तिनं तो कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला आणि बाकीच्या सगळ्या रिपोर्टांवर भराभर सह्या करून ते खाली पाठवले. त्या दिवशी कधी नव्हे ते तिनं सह्या करताना आकडे नीट वाचले नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवणाच्या सुट्टीत तिनं भाचीला सामानाच्या खोलीत नेलं. दार लावलं. कागद दिला.

भाचीनं कागद वाचला. खोक्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लावलंस?"

"लावलं. तेच."

"आज आणखी कुणाकुणाचं होतं? बीटाचं?"

"त्याचं काय आता?"

"मला बघायचंय."

"अगं, कंट्रोल बरोबर आहेत. मी स्वतः पाहिलेत."

"काल इंजिनिअर येऊन गेला, मॅडम."

आणि इथे मावशीची जीभ घसरली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. ती म्हणाली, "तुझा आकडा तुला पटत नाही म्हणून मशीन खोटं पाडू नकोस, पोरी. सगळ्याच बायकांना वाटतं मशीन चुकलं असेल. तू तरी तसं करू नकोस."

भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तसंही असेल," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच यादी बघते. मलाही माझ्यावर शंका आहे."

ती बाहेर आली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि सर्व्हिसिंगनंतरचे बीटाचे सगळे नमुने काढले. मावशी मागे उभी राहिली. अर्धी रागावलेली, अर्धी कळवळलेली. पोरीला आता घरी पाठवावं, जावयाला फोन करावा, असं तिच्या मनात चाललं होतं.

"हे बघा," भाची म्हणाली.

यादीत तिच्याखेरीज तीन नावं होती. एक शिक्षिका, एक फुलांचं दुकान चालवणारी, एक हॉटेलात स्वयंपाक करणारी. तिघींचं रक्त सोमवारी आलं होतं, तिघींचं आज पुन्हा. तिघींचे आकडे एक तर घसरलेले, नाही तर जागच्या जागी. शिक्षिकेचा सोमवारी पाच हजार नऊशे, आज पाच हजार सहाशे.

"योगायोग असेल," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज आता तितका खणखणीत नव्हता. चौघी, आणि एकाच सकाळी एकीचंही चढलेलं नाही?

"आकडा नका बघू. आकड्यापुढे बघा."

आकड्यापुढे बारीक अक्षरात 'डी' अशी खूण होती. ती खूण मावशीनं हजारो वेळा पाहिली होती. हे मशीन दहा हजारांपर्यंतच सरळ मोजू शकतं. त्यावर असलं की ते स्वतःच नमुना दहापट पातळ करतं, पुन्हा मोजतं, दहानं गुणतं आणि पुढे 'डी' लावतं. रोजचंच.

"मॅडम," भाची म्हणाली, "दहा हजारांच्या वर असल्याशिवाय मशीन पातळ करतच नाही. मग पातळ करून पाच हजार सहाशे कसं येईल?"

मावशीनं खुर्ची ओढली आणि बसली.

इतकं साधं होतं ते. मशीननं पहिल्यांदा मोजलं तेव्हा शिक्षिकेचं हॉर्मोन दहा हजारांच्या वर होतं. वर होतं म्हणूनच ते पातळ करायला घेतलं. आणि पातळ करतानाच काहीतरी निम्मं सांडत होतं. काल बदललेली नळी असेल, सुई असेल, काहीही. कंट्रोल बरोबर आले कारण कंट्रोलचे आकडे लहान. ते पातळ होतच नाहीत. दुखणं होतं एका खोलीत आणि मावशी रोज पहाटे दुसऱ्याच खोलीचं दार वाजवून "सगळं ठीक ना?" विचारत होती.

"पण हे नुसतं बोलून चालणार नाही," भाची म्हणाली. "हातानं पातळ करून दाखवावं लागेल. तिघींच्या नळ्या फ्रिजमध्ये आहेत."

तेवढ्यात मावशीनं शिक्षिकेची फाइल उघडली. खाली डॉक्टरीणबाईंनी नोंद केली होती: रक्तस्राव, हॉर्मोन घसरलेलं, गर्भ टिकलेला नाही असं समजावून सांगितलं, पेशंटला वाट पाहायची नाही, पिशवी रिकामी होण्याच्या गोळ्यांसाठी दुपारी तीनला बोलावलं आहे.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

मावशीनं फोन उचलला. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. नर्सला तिनं सांगितलं, "मी लॅबमधून बोलते. ती तीन वाजताची शिक्षिका. माझा फोन आल्याशिवाय तिला एकही गोळी द्यायची नाही. माझ्या नावावर लिहून ठेव." मग ती भाचीकडे वळली. "तू बाजूला हो. मी करते."

"तुमचा हात थरथरतोय, मॅडम."

भाचीनं हातमोजे चढवले.

मावशीनं आयुष्यात बरंच काम पाहिलं होतं. पण त्या दुपारी त्या पोरीनं केलं तसं नाही. तिनं चार नळ्या ओळीत लावल्या. मावशीनं मोजल्या. तीन हव्या होत्या.

"चौथी कुणाची?"

"माझी."

"कशाला? तुझ्या आकड्यापुढे..." मावशी बोलता बोलता थांबली. भाचीच्या आकड्यापुढे 'डी' नव्हता. पाच हजार शंभर, सरळ मोजलेला. जी चूक त्या तिघींना खोटं सांगत होती, ती हिच्या नळीपर्यंत पोचलीच नव्हती. मावशीला हे आत्ता उमगत होतं. पोरीला ते मघाशीच, खूण दाखवली त्याच क्षणी उमगलेलं असणार.

"मी हातानं पातळ केलेलं बरोबर आहे, हे कशावरून?" भाची म्हणाली. नजर पिपेटच्या टोकावर. "कुणीही विचारेल. मीच विचारीन. ज्याचा खरा आकडा आपल्याला नक्की माहीत आहे असा एक नमुना सोबत लावला पाहिजे. त्याच हातानं, त्याच द्रवानं पातळ केलेला. तो बरोबर आला तर बाकीचे तीनही बरोबर." तिनं श्वास घेतला. "आज असा नमुना माझाच आहे. दोनदा मोजलेला."

"दुसऱ्या कुणाचा घेऊ. शोधते मी..."

"शोधण्यात अर्धा तास जाईल. ती बाई तीनला येणार आहे."

मग ती काम करत राहिली. एक भाग सीरम, नऊ भाग पातळ करायचा द्रव. प्रत्येक नमुना दोन-दोन वेळा. टोक बदललं, थेंब पुसला, हळुवार हलवलं, बुडबुडा आला की थांबली. आठ छोटे कप. तिनं ते मशीनमध्ये ठेवले आणि बटण दाबलं. अठरा मिनिटं लागणार होती.

तेवढ्या वेळात मावशीच्या मनात काहीतरी भयंकर चाललं होतं. ती देवाकडे मागू तरी काय शकत होती? भाचीचा आकडा चुकीचा निघावा? मग त्या तिघींचेही विश्वासाचे राहणार नाहीत. बरोबर निघावा? ते मागायला तोंड कुठलं. आणि ज्या पोरीनं हा पेच स्वतःच्या हातानं रचला होता, ती शांतपणे रिपोर्टांच्या प्रती काढत उभी होती.

आकडे आले. शिक्षिका: अकरा हजार दोनशे. दुसऱ्या कपातून अकरा हजार तीनशे. फुलवाली: बारा हजार आठशे. स्वयंपाकीण: दहा हजार सातशे. तिघींचे चढते. छान चढते.

शेवटचा कप. पाच हजार एकशे वीस.

"जुळलं," भाची म्हणाली.

एवढंच. तिनं कागद फाडून मावशीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही खाली जा. फोनवर नको. हे समोर जाऊन सांगितलेलं बरं. मी मशीनवर चिठ्ठी लावते आणि कालपासूनचे 'डी'वाले बाकीचे सगळे नमुने काढते. फक्त बीटाच कशाला, दुसरी हॉर्मोनंही पातळ झाली असतील."

मावशी जिना उतरली. लिफ्टची वाट पाहायला तिच्याकडे धीर नव्हता. खाली बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पर्स घट्ट धरलेली, डोळे सुजलेले, शेजारी नवरा. तीच असणार. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसली.

"बाई, मी चुकीच्या रिपोर्टवर सही केली," तिनं उभ्या उभ्या सांगितलं. "तिन्ही रिपोर्ट मागे घेतेय. हे खरे आकडे. हे कसे काढले ते खाली लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला. "अकरा हजार?" त्या म्हणाल्या. "अहो, मी तिला..." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि हा चौथा नमुना? हा तर खरंच घसरलाय. कोण पेशंट?"

"तुमचीच. सोमवारी आली होती." मावशी म्हणाली. "चूक तिनंच पकडली."

दार उघडं राहिलं होतं. मावशी बाहेर पडत असताना डॉक्टरीणबाई बाकावरच्या त्या बाईला आत बोलावत होत्या. "आनंदाची बातमी आहे असं आज म्हणत नाही," त्यांचा आवाज आला, "आठ-दहा दिवसांनी सोनोग्राफी करू, तेव्हा कळेल. पण मी सकाळी सांगितलं ते चूक होतं. गोळ्या घ्यायच्या नाहीत." आणि मग एका बाईचा हुंदका, जो दुःखाचा नव्हता.

मावशी वर आली तेव्हा मशीनवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी होती: पातळ करण्याचं काम बंद. हातानेच करावे. प्रमुखांना विचारल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. इंजिनिअरला फोन झाला होता. आणखी दोन पेशंटांचे वेगळ्या हॉर्मोनचे आकडे सापडले होते, तेही नंतर दुरुस्त झाले. तोवर पाच वाजले. सगळं आवरून भाचीनं हातमोजे काढले, कचऱ्यात टाकले, हात धुतले. बराच वेळ धुतले. मग नळ बंद न करता ती बेसिनवर वाकून रडली. आवाज न करता, खांदे गदागदा हलवत.

मावशीनं नळ बंद केला आणि तिला जवळ घेतलं. "मघाशी मी जे बोलले..."

"बरोबरच बोललीस," भाची तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. 'मॅडम' म्हणणं केव्हाच गळून पडलं होतं. "मी माझ्यासाठीच यादी काढली, मावशी. मला वाटत होतं मशीन खोटं निघावं. मी काही त्या बायकांसाठी नाही शोधलं."

"शोधायला कशासाठी घेतलंस ते तुझं तुला," मावशी म्हणाली. "सापडल्यावर काय केलंस ते मी पाहिलं. तुझ्यासाठी त्यात काही नाही हे कळल्यावर तू यादी बंद करून घरी जाऊ शकली असतीस. कुणी बोट दाखवलं नसतं. मी तर नक्कीच नाही."

खाली गेटवर नवरा उभा होता. मावशीनंच बोलावलं होतं त्याला. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला. तिची बॅग घेतली. थोडं चालल्यावर म्हणाला, "खाली चालली ना लिफ्ट?"

"हो."

"बरं." आणि त्यानं तिचा हात धरला. "दोघंही आहोत आत."

डॉक्टरीणबाईंनी तिला पर्याय सांगितले: गोळ्या, छोटी शस्त्रक्रिया, किंवा वाट पाहणं. तिनं वाट पाहायचं ठरवलं. फार दुखलं, फार रक्त गेलं, ताप आला, चक्कर आली तर लगेच यायचं, हे तिनं स्वतःच नवऱ्याला कागदावर लिहून फ्रिजवर लावायला दिलं. शनिवारी सगळं झालं. मावशी दिवसभर तिथेच होती. गरम पाण्याची पिशवी भरून देणं आणि शेजारी बसणं, याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी भाची उशीत तोंड घालून म्हणाली, "माझ्या हातून काही चुकलं का गं? गेल्या शनिवारी मी लॅबमधली एक जड पेटी उचलली होती."

"तुला काय माहीत नाही का?" मावशी म्हणाली. "लॅबमध्ये दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"की पेटी उचलल्यानं होत नाही. बहुतेक वेळा गर्भाच्या मांडणीतच सुरुवातीला गडबड झालेली असते. कुणाच्याच हातात नसतं."

"मग स्वतःला वेगळा नियम लावू नकोस."

त्यानंतर दर आठवड्याला तिचं रक्त तपासलं गेलं. हॉर्मोन अगदी नाहीसं होईपर्यंत पाहावं लागतं, म्हणजे आत काही राहिलं नाही याची खात्री होते. मावशी म्हणाली, दुसऱ्या लॅबला पाठवते, दर वेळी तेच आकडे तुझ्या डोळ्यांसमोर कशाला. भाची नाही म्हणाली. एकोणीसशे. दोनशे चाळीस. एकतीस. जो आकडा चढावा म्हणून ती सोमवारी जीव मुठीत धरून बसली होती, तोच आता उतरावा म्हणून वाट पाहायची; हे किती विचित्र आहे, असं ती एकदा म्हणाली. पाचव्या आठवड्यात आकडा पाचाच्या खाली गेला. त्यानंतर ती नवऱ्याबरोबर दोन दिवस कुठेतरी समुद्राकाठी जाऊन आली.

त्या तिघींपैकी शिक्षिकेच्या आणि फुलवालीच्या सोनोग्राफीत पुढे ठोके दिसले. स्वयंपाकिणीचा गर्भ मात्र आठव्या आठवड्यात थांबला. आकडा चांगला चढला म्हणजे सगळं निभावेलच असं नसतं. भाचीनं ती बातमी ऐकली तेव्हा ती बराच वेळ खिडकीशी उभी होती.

महिन्याभरानं हॉस्पिटलच्या मोठ्या खोलीत बैठक झाली. लॅबचे मुख्य डॉक्टर, खालच्या डॉक्टरीणबाई, कंपनीची दोन माणसं, बाकी सगळे. सुईची रबरी नळी चुकीच्या मापाची बसवली गेली होती, हे कंपनीनं लेखी कबूल केलं होतं. मुख्य डॉक्टर म्हणाले, "पातळ करूनच मोजावा लागेल असा एक कंट्रोल रोज लावायचा, हा नवा नियम चांगलाय. पण मला सांगा, कंट्रोल बरोबर असताना हे सापडलं कसं?"

मावशी उभी राहिली. भाची तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

"सांगते," मावशी म्हणाली. "पण आधी माझं सांगते. ज्या रिपोर्टांवर माझी सही होती, त्यात तीन ठिकाणी असा आकडा होता जो येऊच शकत नाही. माझ्यासमोर होता. मी वाचला नाही. आणि ज्या मुलीनं तो दाखवला तिला मी म्हटलं होतं, उगाच मशीन खोटं पाडू नकोस. सव्वीस वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात चुकीचं वाक्य."

मग तिनं सगळं क्रमानं सांगितलं: यादी, खूण, चार नळ्या, आठ कप. चौथी नळी कुणाची हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते सांगण्याचा अधिकार तिचा नव्हता.

"चौथा नमुना कुठून आणला?" मुख्य डॉक्टरांनी विचारलंच.

भाचीनं मान वर केली. "माझा होता, सर," ती म्हणाली. आवाज स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "तेवढाच एक खात्रीचा होता."

मुख्य डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आणि मग खालच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना त्या हॉस्पिटलमध्ये कुणासाठी उठून उभं राहताना कधी कुणी पाहिलं नव्हतं, त्या उठून उभ्या राहिल्या. मागोमाग बाकीचे उठले. टाळ्या नव्हत्या, नुसते उभे राहिले सगळे. भाची गोंधळून मावशीकडे पाहायला लागली, जणू विचारत होती, आता मी पण उठायचं का?

त्या संध्याकाळी मावशीनं बहिणीला फोन लावला. भाचीनं आईला झालेलं सगळं आदल्या रविवारी स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्यामुळे आता लपवण्यासारखं काही नव्हतं. बैठकीचं मात्र तिनं सांगितलं नसणार, हे मावशीला ठाऊक होतं.

"ताई," ती म्हणाली, "बसली आहेस का? बस आधी. नाही, वाईट नाही काही. तुझ्या लेकीचं सांगायचंय. सुरुवातीपासून सांगते, मध्ये बोलू नकोस."

आणि सांगता सांगता तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून तिच्या नवऱ्यानं डोकावून पाहिलं, कुणाशी भांडते आहे की काय.